विळा-कुऱ्हाडीची धार: घरी लावायची, लोहाराकडे टाकायची का ग्राइंडर घ्यायचा?

सोयाबीन सोंगायला आली की दरवर्षी हाच विषय निघते. यंदा तं शहरातली नोकरी सोडून शेती पाहायला आलेले पोरं पण विचारून राहिले की भाऊ, धार लावणं शिकून घ्यावं का सरळ ग्राइंडरच आणून टाकावा. एका शब्दात उत्तर नाही जमत राजेहो, कारण विळ्याचा न्याय वखराच्या पासेला (मातीत चालणाऱ्या आडव्या पात्याला) लागत नाही अन पासेचा कुट्टीच्या पात्यांना लागत नाही. माझं मत आधीच सांगतो, पटलं तर पुढं वाचा: जी धार दिवसातून दोनदा जाते ती घरी, जिला भट्टी लागते ती लोहाराकडे, आणि ग्राइंडर त्यानंच घ्यावा ज्याच्या गोठ्यात कडबा कुट्टी मशीन, म्हणजे जनावरांचा चारा बारीक कापायचं मशीन, आहे.

घरच्या धारेला सामान लय लागत नाही. 8 इंची सपाट कानस, तिला लाकडी मूठ पाहिजेच (बिनमुठीच्या कानशीची मागची टोकदार शेपटी तळहातात घुसते), एक दोन बाजूंचा दगड, एका बाजूनं 120 चा भरड अन दुसरीकडून 240 चा बारीक, आणि एक काळा मार्कर. सगळं मिळून 500 रुपयांच्या आतबाहेर. मार्कर काहून, तर नवशिक्याचा सगळा घोळ कोनात होते. धारेच्या उतारावर मार्करनं काळं करा, कानशीचे दोन हात मारा अन पाहा काळं कुठून गेलं. पाठीकडच्या बाजूचंच गेलं म्हणजे कानस फार आडवी पडली, फक्त धारेच्या टोकाचं गेलं म्हणजे फार उभी धरली, अख्खा पट्टा उजळला म्हणजे बरोबर. नवीन कोन बनवायच्या भानगडीत पडू नका, लोहारानं जो दिला तोच पकडा. कानस पुढं ढकलतानाच कापते, मागं आणताना उचलून घ्यायची, मागंपुढं रगडत बसलं की तिचेच दाते जातात. काही हात झाले की दुसऱ्या अंगानं, पाठीकडून धारेच्या बाहेर असं बोट फिरवून पाहा, बारीक खरखर लागते, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली की कानशीचं काम संपलं, उरलेली खरखर दगडानं काढायची.

विळ्यासाठी हे शिकणं मला तं सक्तीचंच वाटते. सोयाबीनच्या शेंगा खालपर्यंत असतात म्हणून कापणी जमिनीलगत करावी लागते, विळा मातीला, खड्याला लागत जाते अन सकाळची धार दुपारच्या जेवणापर्यंत बोथट. तुरीच्या वेळी वेगळंच, खोडच लाकडासारखं. आता एवढ्यासाठी कोण लोहाराकडे जाईल? सोंगणीला येणाऱ्या बाया पाहा, ओटीत नाहीतर डब्याच्या पिशवीत दगडाचा तुकडा असतेच, पाणी प्यायला बसल्या की विळ्यावर चार हात फिरवून घेतात अन बोलणं पण थांबत नाही. शिकायचं असेल तर व्हिडिओ पाहत बसण्यापेक्षा त्यांच्या बाजूला बसा, हात किती हलका ठेवतात ते समजते.

फक्त दातेरी विळा या हिशोबात धरू नका. भंडारा-गोंदियाकडं धानाला तोच चालते, धानाच्या काडीत सिलिका असते, साधी धार ती लवकर खाऊन टाकते, दातेरी जास्त टिकते. त्याच्या दात्यांवर सपाट कानस फिरवली तर दाते घासून जातील अन तो ना साधा राहील ना दातेरी. दाते गेले तर लोहाराकडून छिन्नीनं परत टाकून घ्या नाहीतर नवीन आणा.

आता लोहाराचं. काही लोकांना वाटते लोहार म्हणजे धारवाला, पण धार हे त्याचं सगळ्यात लहान काम आहे. वखराची नाहीतर डवऱ्याची पास झिजून आखूड झाली, कुऱ्हाडीचं तोंड गोल होऊन बोथट पडलं, विळ्याला खाच पडली, हे कानशीनं करायचं म्हटलं तर दिवस जाईल अन लोखंडही वाया जाईल. तो भट्टीत लाल करून ठोकून तोंड परत पातळ करते, म्हणजे लोखंड घासून फेकत नाही, सरकवते. त्यानंतर पाणी पाजते, म्हणजे लाल तापलेलं तोंड पाण्यात बुडवून कडक करते, अन खरी किंमत त्याची आहे. आपल्याकडचे चांगले विळे-कुऱ्हाडी बरेचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या असतात, ते पोलाद पाणी बरोबर बसलं तर वर्षानुवर्षं चालते. पाणी दिल्यावर ते काचेसारखं ठिसूळ होते म्हणून परत थोडं तापवावं लागते, तेव्हा चकचकीत केलेल्या पट्टीवर रंग चढत जातात, 220-230 अंशांना गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, अन 300 च्या जवळ निळा. कोणत्या अवजाराला कोणत्या रंगावर थांबायचं हे जुना लोहार भट्टीच्या अंधारात नुसत्या डोळ्यानं ठरवते. हे घरी शिकायचा नाद सोडा. कानस धारेवर नुसती घसरत असेल, पकडतच नसेल, तर पाणी कडक आहे, तिथं दगड वापरा; अन लोण्यासारखं कापत असेल तर पाणी गेलेलं आहे, ते अवजार घरी कितीही घासा, संध्याकाळपर्यंत बोथट होणारच, त्याला लोहाराकडेच न्या.

लोहाराची अडचण पैसा नाही, वेळ आहे. मिरगाच्या तोंडावर त्याच्याकडे पासा अन फाळांचा ढीग असते, सोंगणीला विळ्यांचा, अन ट्रॅक्टर आल्यापासून कित्येक गावात लोहारच उरला नाही, म्हणजे बाजाराच्या दिवशी तालुक्याला न्यायचं अन पुढच्या बाजारी आणायचं. म्हणून भट्टीचं काम चैत्र-वैशाखातच उरकून घ्या, तेव्हा तो निवांत असते अन काम पण मन लावून करते. सायकलवर दगडी चाक घेऊन फिरणारा धारवाला आला तर घरची पावशी (विळी), कैची त्याला द्या, बाकी नको.

ग्राइंडर. पोरांचा सगळा जीव इथंच अडकते. 6 इंची बेंच ग्राइंडर 2000 ते 4000 रुपयांत येते, मिनिटाला 2800 च्या आसपास फिरते, अन जे काम कानशीला अर्धा तास ते याला अर्धा मिनिट. पण त्याच अर्ध्या मिनिटात विळ्याच्या पातळ धारेवर निळी रेघ उमटते, म्हणजे लोहारानं पिवळ्यावर थांबवलेलं पाणी तुम्ही निळ्यापर्यंत नेलं. लगेच पाण्यात बुडवलं की परत कडक होते असं लोकं सांगतात, ते खोटं आहे, एकदा नरम पडलेला भाग घासून काढणं नाहीतर भट्टीत घालणं हेच दोन उपाय. कानशीनं असं होतच नाही, तेवढी गरमीच निघत नाही. हातातला अँगल ग्राइंडर तं आणखी वाईट, तो 11000 च्या घरात फिरते अन नवशिक्याच्या हातात कोन धरू देत नाही.

तरी कुट्टीवाल्यानं घ्यावा. त्या पात्या जाड, लांब, अन जनावरं पाच-सहा असली की सारख्या लागतात. मशीन बंद, प्लग बाहेर, पट्टा उतरवलेला, पात्या खोलून बाहेर, एवढं झाल्याशिवाय हात नाही घालायचा. घासायची फक्त उताराची बाजू, सपाट बाजूला चाक लावलं की खालच्या पट्टीशी फट पडते अन कडबा कापण्याऐवजी चुरगळून बाहेर येते. एका जागी थांबू नका, टेकू (चाकासमोरची पाती टेकवायची पट्टी) चाकापासून 3 मिलिमीटरपेक्षा लांब नको, बाजूला पाण्याची बादली, पाती बोटाला गरम लागली की पाण्यात. डोळ्याला गॉगल. नवीन चाक बसवायच्या आधी टांगून लाकडानं हलकं ठोकून पाहा, खणखणीत आवाज नाही आला तर आत तडा आहे, बसवू नका.

राहिलं ब्रश कटर, म्हणजे दांड्याच्या टोकाला फिरतं ब्लेड असलेलं कापायचं मशीन, जे आता सोंगणीला बरेच लोकं लावून राहिले. चाळीस किंवा ऐंशी दात्यांचं टीसीटी ब्लेड असेल तर त्याच्या दात्यांच्या टोकाला कार्बाइड असते, पोलादापेक्षा कितीतरी कडक, साधी कानस त्याला ओरखडासुद्धा काढत नाही, ते झिजलं की बदलायचं. तीन पात्यांचं साधं पोलादी ब्लेड मात्र घरीच होते, आधी स्पार्क प्लगची टोपी काढा, मग तिन्ही पात्यांना मोजून सारखे हात मारा, कारण एक पातं हलकं झालं की मशीन थरथरते अन संध्याकाळी हाताला मुंग्या येतात. झाल्यावर ब्लेड मधल्या भोकातून एका खिळ्यावर अडकवून पाहा, एकच पातं सारखं खाली येत असेल तर त्याच्यावर अजून दोन हात.