नैरोबी की किसुमू? साठीनंतर केनियात सेवेला जाणाऱ्या जोडप्यांसाठी

रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून बाहेरच्या देशात सेवाकार्याला जायचं म्हणणारी जोडपी आपल्या मंडळ्यांमधून आता दिसायला लागलीत, आणि केनियाचं ठरलं की साधारण दोन प्रकारचं काम समोर येतं. एक म्हणजे नैरोबीत ऑफिस, हॉस्टेल किंवा बायबल कॉलेजचं, नाहीतर पश्चिमेला व्हिक्टोरिया सरोवराकाठी किसुमूच्या बाजूला शाळा, दवाखाना, बायकांचे बचत गट असलं काहीतरी. आम्ही दोघं दोन्हीकडं राहिलोय, आधी नैरोबी आणि मग किसुमू. हे कॉलेजात अकाउंट्सला होते, मी शाळेत शिकवायचे, त्यामुळं दोन्हीकडं हिशेब आणि शिकवणं हीच कामं वाट्याला आली. माझं मत आधीच सांगून टाकते. दोघांची तब्येत धड असेल तर किसुमू. दोघांपैकी एकाला जरी हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल, किंवा इन्शुलिन चालू असेल, तर नैरोबी, तिथं दुसरा विचारच करू नका.

पण तब्येतीच्याही आधी घरात बसून एका प्रश्नाचं उत्तर काढा. सेवेचं पत्र बहुतेक वेळा एकाच्याच कामासाठी येतं. केनियाचं धार्मिक आणि धर्मादाय कामाचं परमिट, ज्याला तिकडं क्लास आय म्हणतात, तेही एकाच्या नावावर असतं आणि दुसऱ्याला डिपेंडंट पास मिळतो. म्हणजे एक जण सकाळी कामावर जातो, मग दुसऱ्यानं नऊ ते चार काय करायचं? हा प्रश्न इथं भारतात असताना फार किरकोळ वाटतो, कारण इथं बहीण असते, शेजारीण असते, भगिनी मंडळ असतं, बाजार असतो. तिकडं गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तो सगळ्यात मोठा होऊन बसतो आणि बरीच जोडपी मुदतीच्या आधी परत येतात ती मलेरियामुळं नाही, ह्याच्यामुळं येतात असं माझं स्पष्ट मत आहे.

नैरोबीत राहायचं म्हणजे फ्लॅट, बाहेर मोठं गेट, गेटवर वॉचमन ज्याला सगळे अस्कारी म्हणतात, भिंतीवर इलेक्ट्रिकची तार. सुरक्षित आहे, स्वच्छ आहे, पण शेजारचं दार दिवसभर बंद, सगळे नोकरीवर, आणि ट्रॅफिक असा की नवरा संध्याकाळी कधी परत येईल त्याचा नेम नाही. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही हे सगळेच सांगतात आणि ते पाळायचंच. विषुववृत्त जवळ असल्यामुळं बारा महिने साडेसहाच्या सुमारास अंधार होतो, उन्हाळ्यातली लांब संध्याकाळ हा प्रकारच नाही, म्हणजे जेवणानंतरची शतपावली गेटच्या आतच. मॉल चांगले, नैवास, क्विकमार्ट, कार्फूर अशी सुपरमार्केटं चांगली, इंग्लिशवर सगळं भागतं. आणि नेमकं त्यामुळंच स्वाहिली येत नाही, आणि स्वाहिली येत नाही म्हणून माणसं जवळ येत नाहीत.

किसुमूत उलट आहे. तिथं मराठी-गुजराती मिळून ओळखीची तोंडं कमी, पण दार उघडं ठेवलं की कुणीतरी येतंच. शेजारची मुलगी गणित विचारायला येते, चर्चमधली बाई भाजीची जुडी घेऊन येते आणि तासभर बसून जाते, आणि वय झालेल्या माणसाला जो मान तिथं आहे तो मी फार कमी ठिकाणी पाहिला. यांना सगळे म्झे, म्हणजे वडीलधारे, म्हणायचे, मला ममा, आणि शिकवायला लागल्यावर जापुओंज, म्हणजे तिथल्या लुओ लोकांच्या भाषेत शिक्षक. डिपेंडंट पासवर पगारी नोकरी करता येत नाही, पण काम समोरून चालत येतं. मुलांचं वाचन घ्या, बायकांच्या गटाची वही लिहा, दवाखान्यात रांगेत बसलेल्यांजवळ नुसतं जाऊन बसा. नैरोबीत हे सगळं मुद्दाम शोधून, अपॉइंटमेंट घेऊन करावं लागतं.

आता तब्येत. नैरोबी जवळजवळ १,८०० मीटर उंचावर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर चारेकशे मीटर. पहिले काही दिवस जिना चढताना धाप लागते, बीपीवाल्यांनी आधी डॉक्टरला विचारून जावं. जून ते ऑगस्ट चांगलीच थंडी, रात्री दहा-बारा डिग्री आणि घरात हीटर वगैरे काही नसतं, त्यामुळं दोन चांगले स्वेटर आणि रजई लागते, आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून लोक सुती कपडे भरून नेतात आणि गुडघे धरून बसतात. पण मलेरियाचं भय नैरोबीत जवळपास नाही, आणि हॉस्पिटलं फार चांगली आहेत. आगा खान आहे, एम. पी. शाह आहे, अँजिओग्राफी, डायलिसिस सगळं शहरात होतं.

किसुमू पाचगणीपेक्षा थोडं खालीच, ११०० मीटरच्या आसपास, पण सरोवराच्या काठी आणि विषुववृत्ताला अगदी लागून, त्यामुळं गरम आणि दमट. दुपारी ढग जमतात, विजा कडाडतात, तासाभरात पुन्हा ऊन. मलेरिया भरपूर, केनियात सगळ्यात जास्त ह्याच सरोवराच्या पट्ट्यात आहे, तेव्हा रोज मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्या, गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते चालू औषधांशी ताडून डॉक्टरकडून ठरवून घ्यायचं आणि अंगात ताप आला की उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. सरोवराच्या पाण्यात पाय घालून उभं राहायचा मोह होतो पण तिथं बिल्हार्झिया आहे, म्हणजे पाण्यातून कातडीवाटे अंगात शिरणाऱ्या जंतांचा आजार, तेव्हा काठावरूनच बघा. आगा खानचं हॉस्पिटल किसुमूतही आहे, मोठं सरकारी रेफरल हॉस्पिटलही आहे, साधं आजारपण निभतं, पण मोठं काही निघालं तर नैरोबी गाठावी लागते. विमानानं पाऊण तास, रस्त्यानं साडेतीनशे किलोमीटर म्हणजे सात-आठ तास. छातीत दुखायला लागलेल्या माणसासाठी हे अंतर फार आहे, म्हणून वर तसं ठाम लिहिलं.

पिवळ्या तापाची लस दोन्हीकडं सारखीच. केनियातून भारतात परत येताना सर्टिफिकेट लागतं, लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. पण साठीच्या पुढं ह्या लसीचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळं डॉक्टरशी नीट बोला, आदल्या आठवड्यात धावपळ करू नका. इथली मेडिक्लेम पॉलिसी बहुधा तिकडं चालत नाही, तेव्हा पाठवणाऱ्या संस्थेकडून विम्याचा कागद हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, तोंडी आश्वासनावर ह्या वयात निघू नये.

स्वयंपाकघराबद्दल बायका आधी विचारतात आणि बरोबर विचारतात, कारण रोजचं जेवण बिघडलं की माणूस बिघडतो. नैरोबीत पार्कलँड्स भागात आपल्याकडचं सगळं मिळतं, तूरडाळ, पोहे, कढीपत्ता, ज्वारी-बाजरीची पिठं. फक्त उंचीमुळं पाणी ९४ डिग्रीलाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, प्रेशर कुकर इथूनच न्या आणि दोन जादाच्या रबरी रिंगाही घ्या. पाणी नैरोबीत पाळीनं येतं, टाकी संपली की टँकर.

किसुमूत आपली ज्वारी शोधत बसण्यापेक्षा तिथली म्तामा घ्यावी. ती ज्वारीच, पण तांबूस. भाकरी थापताना कडा फुटतात, चव थोडी तुरट, पाणी चांगलं कडकडीत घेऊन उकड काढली आणि मूठभर विंबी मिसळली, विंबी म्हणजे नाचणी, की मग हाताला पीठ ऐकतं. शेजारणी कौतुकानं बघायला यायच्या, त्यांच्याकडं त्याच पिठाची उजी म्हणजे पेज करतात, तव्यावरची भाकरी त्यांना नवीन होती, आणि त्या बदल्यात त्यांनी मला म्रेंडाची बुळबुळीत पालेभाजी शिकवली जी आता मला मनापासून आवडते. मासे खाणाऱ्यांची तर किसुमूत चंगळ आहे, तिलापिया ताजा, आणि ओमेना नावाचे बारके सुकवलेले मासे, कांदा-टोमॅटोत परतले की भाकरीबरोबर झकास. चपाती आणि चहा केनियाभर घरोघरी असतो, त्याची चिंता नको.

पैशाचे व्यवहार दोन्हीकडं एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरून पैसे द्यायची-घ्यायची सोय, ती २००७ पासून चालू आहे आणि भाजीवाली, टुकटुकवाला, चर्चचं दान सगळं त्यावरच. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतलं की खातं उघडतं. लाइट प्रीपेड, मोबाईलवर वीस आकडी टोकन येतं ते मीटरवर दाबायचं, चष्मा हाताशी ठेवा. लाइट जाणं किसुमूत जास्त. भारतातलं सिम मात्र बंद पडू देऊ नका, पेन्शनच्या बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, नाहीच झाला तर भारताचं हायकमिशन नैरोबीत आहे, हा नैरोबीचा एक फायदा. प्रवासाला नैरोबीत ॲपवरची टॅक्सी, किसुमूत टुकटुक, म्हणजे आपली रिक्षाच. बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मात्र ह्या वयात बसूच नका, बजाजची बॉक्सर ओळखीची वाटली तरी नाही, हाड मोडलं की सेवा तिथंच थांबते.

चर्चचं जीवन हा खरा फरक आहे आणि ह्यावर मला जास्त बोलायचंय. नैरोबीत इंग्लिश उपासना वेळेवर सुरू, वेळेवर संपते, गायनवृंद सुंदर, आणि मग सगळे गाड्या काढून घरी. डिसेंबरात तर शहर रिकामं होतं, नाताळला सगळे आपापल्या गावी जातात, आणि पहिल्या वर्षी आलेलं म्हातारं जोडपं नेमकं नाताळच्या दिवशी अर्ध्या भरलेल्या चर्चमध्ये बसतं. नैरोबी घेणार असाल तर पहिल्या नाताळचं आमंत्रण ऑक्टोबरातच कुणाकडून तरी ठरवून घ्या, कुणीही आनंदानं गावी घेऊन जाईल, फक्त तोंडानं सांगावं लागतं.

किसुमूकडं उपासना लांब चालते, लुओत आणि स्वाहिलीत, पाठ टेकायला नसलेल्या बाकावर तीन तास कंबर धरते, उशी न्यायला कुणी हसत नाही. आणि शनिवार म्हणजे मयत. लुओ माणूस शहरात मेला तरी गावच्या अंगणातच पुरतात, रात्रभर गाणी, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भाषणं, सगळ्या पंचक्रोशीचं जेवण. सुरुवातीला वाटतं की एवढे शनिवार कुठं घालवायचे, आपण कामाला आलोय. पण सांगते, तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडवात गप्प बसून राहणं हेच काम आहे, वहीतला हिशेब आणि वर्गातला धडा तरुण माणूस जास्त चांगला करेल, मयताच्या घरी आलेला पांढऱ्या केसांचा माणूस मात्र लोकांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहतो. एका विधवेनं माझा हात धरला तो प्रार्थना संपेपर्यंत सोडलाच नाही, आम्हाला एकमेकींची भाषा धड येत नव्हती.

आपण मराठी ख्रिस्ती लोक तिकडं अगदीच परके नाही हेही जाता जाता. नाशिकच्या शरणपूरला गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना शिकवलं जायचं, आणि १८७५ मध्ये मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन वसलं तेव्हा त्यातली माणसं तिथं शिक्षक आणि उपदेशक म्हणून गेली. गावाला नाव मुंबईचे आधीचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं. मुदतीत जमलं तर मोंबासाला जाऊन ते नक्की बघा, नैरोबीहून रेल्वे आहे.

मुलं-नातवंडं हा विषय दोन्हीकडं सारखाच जड, त्याला जागेचा फरक पडत नाही. भारत अडीच तास पुढं, म्हणून फोन तिथल्या संध्याकाळी सहाच्या आत. मुंबईहून नैरोबी थेट विमानानं साधारण सहा तास, घरी काही झालं तर नैरोबीहून दुसऱ्या दिवशी पोचता येतं, किसुमूहून अर्धा दिवस जास्त धरा.

संस्थेशी बोलताना मी असं मागून घेईन: पहिले तीन महिने नैरोबीत, स्वाहिलीचे वर्ग दोघांनी लावायचे, फक्त परमिटवाल्यानं नाही, सगळ्या तपासण्या तिथंच करून घ्यायच्या, आणि मग किसुमू. दुसऱ्याच्या कामाचं पत्रात लेखी नाव असावं, बिनपगारी असलं तरी चालेल. वर्षभरानं तब्येत साथ देत नसेल तर नैरोबीत परत घेण्याची सोय आधीच बोलून ठेवावी, त्यात कमीपणा काही नाही. आणि केनियाची पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७ ला आहे, २००७ च्या निवडणुकीनंतर किसुमूत फार वाईट दंगल झाली होती, आणि मोर्चे दोन्ही शहरांत निघतात, तेव्हा नवीन जोडप्यानं त्या सुमारास पहिल्यांदा उतरू नये, एकतर वर्षभर आधी जाऊन माणसं जोडून ठेवावीत नाहीतर निकाल लागून सगळं शांत झाल्यावर तिकीट काढावं.