प्रेशर वॉशर चांगलाय, पण घ्यायच्या आधी घरातला बोर्ड उघडून बघा

1800 वॅटचा घरगुती प्रेशर वॉशर, म्हणजे जोरात पाण्याचा फवारा मारून धुणारं मशीन, घेऊन आठ महिने झाले. आम्ही औसा तालुक्यातले, घरी एक गाडी अन् ट्रॅक्टर, पावसाळ्यात काळ्या रानातून ट्रॅक्टर आला की टायरचा चिखल बादलीनं निघतच नाही, त्याच्यासाठी घेतला. काम एक नंबर करतंय, अन् नुसता पाईप सोडून धुण्यापेक्षा पाणी कमी लागतंय. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या माणसाला ही गोष्ट लई मोठी आहे. पण मला खरं लिहायचंय ते करंटबद्दल, कारण दुकानात त्याच्यावर कुणी एक शब्द बोललं नाही.

मशीनला मोठी, 16 अँपिअरची पीन आहे. आमच्या ओट्यावरचा बोर्ड 6 अँपिअरचा. मी काय केलं, मोठी पीन छोट्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्जन प्लग बाजारात मिळतो, तो लावला अन् चालू केली. दहा मिनिटांत जळका वास, बघितलं तर प्लग हात लावू देईना अन् सॉकेटचं भोक काळं पडलेलं. हिशोब साधा आहे, 1800 ला 230 नं भागा, आठेक अँपिअर येतात, मोटर उचलताना क्षणभर त्याच्याहून जास्त. 6 च्या सॉकेटला ते झेपणारच नाही.

वायरमन दादानं बोर्ड उघडला तर आत 1 स्क्वेअर एमएमची वायर, अन् अर्थिंगची, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी वायर कशालाच न जोडता तशीच लोंबायलेली! म्हणजे तिसरं भोक नावालाच. मी त्याच बोर्डावर ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून हातात गन धरली होती, आजबी आठवलं की अंगावर काटा येतो.

मग सगळंच नवीन केलं. मेनबोर्डापासून वेगळी 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 16 चं सॉकेट, 16 ची एमसीबी अन् 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, दोन्ही आपोआप पडून करंट तोडणारे स्विच. बरेच जण म्हणतात एमसीबी आहे की, मग हे कशाला. तर एमसीबी पडते लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर, माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटला ती पडत नाही, तेवढ्या करंटनं माणूस जातो पण 16 च्या एमसीबीला पत्ताबी लागत नाही. आरसीसीबी गेलेला अन् परत आलेला करंट मोजतो, फरक दिसला की लगेच पाडतो. पहिले दोन दिवस आमचा सारखाच पडायचा, मशीनच खराब वाटली, नंतर कळलं की न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, दुसऱ्या सर्किटमधून घेतला होता, तो बदलला अन् थांबलं. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघत जा.

अर्थिंगचा खड्डा घराच्या मागं घेतला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळती, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कामाचं राहत नाही, म्हणून एप्रिल-मे मध्ये आई त्याच्यात दोन-चार दिवसाला तांब्याभर पाणी ओतती. वायर, आरसीसीबी, खड्डा अन् मजुरी धरून सहा हजार गेले, मशीनच्या किमतीपेक्षा थोडे कमी.

एक्स्टेंशनचं पण सांगतो. टेबलफॅनची असती तसली 0.75 ची बारीक वायर 20 मीटर लावली तर आठेक व्होल्ट वायरीतच जातात, 2.5 ची लावली तर अडीचेक. अन् रिळावरची वायर पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली आतल्या आत तापती. जोड कधीच फरशीवर ठेवू नका, मी खुर्चीवर ठेवतो, अन् पाण्याचा फवारा बोर्डाकडं जाऊ देत नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर तर लावायचाच नाही, साध्या 850 व्हीएच्या इन्व्हर्टरचं हे कामच नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येतंय, तवा मोटर नुसती घुंघुं करती अन् पाण्याला जोर येत नाही, अशा वेळी रेटत बसलो तर मोटर जायची, म्हणून मी सकाळी सातच्या आतच धुऊन घेतो. बंद करताना आधी मशीन बंद, मग गन दाबून पाईपातला दाब सोडायचा अन् हात पुसूनच पीन काढायची, पोराला बी तेच शिकवलंय.

मशीनला चार स्टार. एक कापला तो पाच मीटरच्या आखूड वायरीसाठी, अन् पुस्तकात अर्थिंगबद्दल मराठीत एक ओळबी नाही त्याच्यासाठी.