मुंबई ते लंडन: थेट जावे की दुबईमार्गे?

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यामधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. दुबईमार्गे गेल्यास मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि दुबई ते हीथ्रो सुमारे ५,५०० असे मिळून ७,४३० किलोमीटर होतात. म्हणजे ज्या वळशाची धास्ती घेतली जाते, तो जेमतेम मुंबई–रत्नागिरी या सरळ हवाई अंतराएवढा आहे. म्हणून हा निर्णय किलोमीटरवर नव्हे, तर तासांवर आणि प्रवाशाच्या प्रकृतीवर घ्यावा.

थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात आणि येताना सुमारे एक तास कमी लागतो, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि परतीच्या विमानाला मागून रेटा देतात. तिकीट पाहताना मात्र अनेकांचा गोंधळ उडतो. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला निघालेले विमान दहा तासांनी उतरते, तेव्हा लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तिकिटावर साडेचारच तास दिसतात, पण शरीराच्या हिशेबाने मध्यरात्र झालेली असते. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर हा वेळेचा फरक साडेपाचवरून साडेचार तासांवर येतो.

थेट विमानांतही सगळी सारख्याच वेळात पोहोचतात असे नाही. नकाशावरची सर्वांत जवळची रेषा कराचीजवळून इराण, कॉकेशस (कॅस्पियन आणि काळा समुद्र यांच्यामधला डोंगराळ प्रदेश) आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी विमानांसाठी बंद झाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे भारतीय आणि ब्रिटिश कंपन्यांच्या वेळा ज्या दिवशी तिकीट काढायचे, त्याच दिवशी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

दुबईमार्गे पहिला टप्पा सव्वातीन तासांच्या आसपास आणि दुसरा साडेसात तासांच्या आसपास धरला, तर निव्वळ उड्डाणाचे पावणेअकरा तास होतात. खरा प्रश्न मधल्या थांब्याचा आहे. दीड तासाचा थांबा कागदावर आकर्षक दिसतो, पण मुंबईचे विमान अर्धा तास उशिरा सुटले की धावपळ ठरलेलीच. माझ्या आईला पहाटे अडीच वाजता सुजलेल्या पायांनी, एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात बोर्डिंग पास घेऊन गेट शोधत चालावे लागले, तेव्हापासून मी तीन तासांपेक्षा कमी थांबा घेत नाही आणि वडीलधाऱ्यांसाठी व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवतो. तीन तास धरले की एकूण प्रवास पावणेचौदा तासांवर जातो.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असणे मी अत्यावश्यक मानतो. तसे असेल तर सामान सहसा थेट लंडनलाच मिळते आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटे असतील तर तो भुर्दंड आपल्यालाच पडतो.

पहिल्यांदा एकटे जाणारे आईवडील असतील, तर भाडे काहीसे जास्त पडले तरी थेट विमानच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरुण विद्यार्थ्याला, किंवा सलग दहा तास बसून ज्याची कंबर धरते अशा प्रवाशाला, दुबईला उतरून पाय मोकळे करणे सोयीचे पडेल.