आरव्ही-९ए: दुसऱ्याने बांधलेलं विमान, माझे आठ महिने आणि ७४ तास

मागच्या ऑक्टोबरात मी सेकंडहँड आरव्ही-९ए घेतलं. दोन सीट, पंख खाली, १६० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन. किट, म्हणजे सुटे भाग, अमेरिकेतल्या ओरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं, पण जोडलं ते इथे विस्कॉन्सिनमधल्या एका निवृत्त गृहस्थांनी, स्वतःच्या गॅरेजात अकरा वर्षं रिव्हेट मारत. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिलाच प्रश्न, "कंपनीनं नाही बनवलेलं? मग तपासलं कुणी?"

कागदावर उत्तर आहे. विमानाचं किमान ५१ टक्के काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं, मग एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, तपासणी होते, आणि त्यानंतर ठरावीक हद्दीत चाचणीची उड्डाणं. माझ्या विमानाची अशी ४० तासांची चाचणी बांधणाऱ्यांनी केली होती, पुढे सहा वर्षं ते त्यात फिरले. म्हणून मी निश्चिंत होते. सेसना १७२ या चार सीटच्या विमानावर माझे २१० तास झालेले, हे विमान त्याहून लहान, त्यात काय मोठं, असं वाटत होतं.

मग अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाचा, एनटीएसबीचा, २०१२चा अहवाल वाचला. २०११मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या ज्या अपघातांचा त्यांनी तपास केला, त्यांतली निम्म्याहून जास्त विमानं सेकंडहँड घेतलेली होती. त्यातले १४ अपघात नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात. म्हणजे विमान चाचणीतून गेलेलं असतं, मालक गेलेला नसतो. त्या रात्री ठरवलं की हे विमान आजच बांधून झालंय असं समजून शिकायचं, आणि पहिले २५ तास शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टरशिवाय कुणीही बसणार नाही.

विमा कंपनीने पाच तास इन्स्ट्रक्टरसोबत उडायची अट घातली होती. मी नऊ तास घेतले, त्यातले पहिले चार इन्स्ट्रक्टरच्या स्वतःच्या आरव्हीत. पैसे गेले, पण या सगळ्या खर्चात मला सर्वांत जास्त उपयोगी पडला तो हाच. सेसनाचं व्हील दोन हातांनी ओढायची सवय असलेल्या माणसाला ही स्टिक दोन बोटांनी धरायला शिकावी लागते. पहिल्या दिवशी मी सरळ रेषेत उडूच शकत नव्हते, नाक सारखं वर-खाली. जमिनीवरही वेगळंच. पुढचं चाक पेडलला जोडलेलं नाही, ते मोकळं फिरतं, वळायचं ते एका बाजूच्या ब्रेकने.

सगळ्यात जास्त वेळ पेट्रोलच्या कॉकवर घालवला, आणि ते सांगायलाच हवं. सेसनात कॉक 'दोन्ही टाक्या' या खुणेवर ठेवला की विसरून जाता येतं. इथे फक्त डावी किंवा उजवी. प्रत्येकीत १८ गॅलन, ताशी साधारण आठ गॅलन खर्च. बदलायचं राहिलं तर एक पंख जड होत जातो, आणि शेवटी दुसरी टाकी भरलेली असताना इंजिन बंद पडतं. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात अपघातात वारले ते असंच सेकंडहँड, घरी बांधलेलं लाँग-ईझी उडवताना. बांधणाऱ्याने कॉक मूळ आराखड्यातली जागा सोडून डाव्या खांद्यामागे बसवला होता. तिथे हात नेताना उजवा रडर, म्हणजे विमानाचं नाक उजवीकडे वळवणारं पेडल, दाबला गेला असावा, असा तपासाचा निष्कर्ष. नव्या विमानाचं पुरेसं प्रशिक्षण झालं नव्हतं, हेही त्यात नोंदवलंय. हे वाचल्यापासून मी हँगरमध्ये डोळ्यांना ओढणी बांधून बसायचे आणि मैत्रीण एकेक नाव घ्यायची: कॉक, इलेक्ट्रिक पंप, कार्ब हीट, मिक्स्चर. हात चाचपडला की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं म्हणजे आकडे. विमानासोबत मिळालेल्या तक्त्यात पूर्ण फ्लॅपवर (पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली) स्टॉलचा वेग ४३ नॉट (ताशी सागरी मैल) लिहिलेला. स्टॉल म्हणजे वेग इतका कमी की पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत. जमिनीपासून ४,००० फुटांवर इन्स्ट्रक्टरसोबत दहा वेळा करून पाहिला, तर काटा दर वेळी ४७च्या आसपास. तक्ता खोटा नव्हता, तो एकट्या माणसाच्या आणि कमी पेट्रोलच्या वजनावरचा होता. पण स्टॉलच्या १.३ पट वेगाने उतरायचं, तर ५६ आणि ६१ यांत पाच नॉटांचा फरक पडतो. स्टॉल जवळ आल्याचा इशारा देणारा भोंगा नाही, थरथरही अगदी शेवटी येते. वेग जास्त ठेवला तर उलटा त्रास. हा पंख तरंगत राहतो, ७० नॉटने आले तेव्हा चाकं टेकेपर्यंत अर्धा रनवे संपला होता. मी घिरटी घालून परत आले. आता वेगाच्या तबकडीवर ६१ला पांढरी पट्टी लावली आहे.

देखभालीबद्दल थोडंसं. वार्षिक तपासणीची सही बांधणारा करू शकतो, नुसतं विकत घेतलं म्हणून मालकाला करता येत नाही. मला परवानाधारक मेकॅनिक लागतो. पण दर दहा तासांनी काउलिंग, म्हणजे इंजिनभोवतीचं पूर्ण आवरण, मी स्वतः उघडते. मार्चमध्ये कार्ब्युरेटरजवळच्या एका नटावरची नारिंगी रेघ तुटलेली दिसली. नट आवळल्यावर त्यावरून जोडावर ओढतात ती रंगाची रेघ, नट हलला की तिला तडा जातो. खाली नखाएवढा निळा डाग होता. आमचं पेट्रोल निळं असतं. त्या दिवशी विमान हँगरमध्येच राहिलं. फक्त वरचं छोटं झाकण उघडून तेल बघितलं असतं, तर हे दिसलं नसतं.

तक्रारी म्हणाल तर उन्हात काचेखाली भाजून निघायला होतं, आणि थंडीत इंजिन आधी तापवण्यात तासभर जातो. बाकी १५० नॉटने, एवढ्याशा पेट्रोलमध्ये, लेक मिशिगनच्या किनाऱ्यावरून सकाळी जाताना जे दिसतं, त्यासाठी मी हे सगळं पुन्हा करीन.

नवरा पहिल्यांदा शेजारी बसला तो २७व्या तासाला. चढायच्या जागेजवळची 'एक्सपेरिमेंटल' पाटी आणि डॅशबोर्डवरची प्रवाशांसाठीची सूचना त्याने दोनदा वाचली, मग बेल्ट लावला. स्वयंपाकघरातला टायमर आता त्याच्या मांडीवर असतो. दर अर्ध्या तासाने तो वाजला की "टाकी बदल गं" म्हणतो, आणि माझा हात कॉकवर जाऊन पेट्रोलच्या दाबाचा आकडा स्थिर होईपर्यंत माझ्याशी दुसरं काही बोलत नाही.