इग्निशनचं लॉक घिसलं: नवी चाबी, नवं लॉक, की बटन?

चाबी पूर्ण आत घालायची, मग सूतभर बाहेर ओढायची, वर-खाली हलवायची, तेव्हा कुठं ती फिरते. जुन्या गाडीच्या मालकाच्या हाताला हे इतकं सवयीचं होतं की लॉक घिसलंय हेच तो विसरतो. आमच्या 2004 च्या मारुती 800 चं दोन वर्षं असंच चाललं होतं. मागच्या उन्हाळ्यात वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं आणि चाबी काही केल्या फिरेना. दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. अंगणात गाडी उभी आणि आम्ही वीस मिनिटं तिच्याशी झटत होतो. ती रात्र दुसऱ्या कुणाच्या घरी येऊ नये, म्हणून त्यानंतर मी जे पाहिलं, विचारलं आणि करून घेतलं ते इथं मांडतो.

आधी काय घिसलंय ते ओळखा. कपाटातली दुसरी, कमी वापरलेली चाबी काढा आणि लावून पाहा. तिनं लॉक लोण्यासारखं फिरलं, तर दोष रोजच्या चाबीत आहे. दोन्ही चाब्या अडत असतील, किंवा इंजिन चालू असताना चाबी हातात निघून येत असेल, तर लॉकचा गाभा गेला. चाबी छान फिरते पण सेल्फ कधी घेते, कधी घेत नाही, किंवा चाबीला हात लागला की डॅशबोर्डचे दिवे लपलपतात, तर लॉकमागचा विजेचा स्विच पाहा. तो वेगळा भाग आहे. बऱ्याच गाड्यांत तो एकटा बदलता येतो आणि तिथं अख्खं लॉक बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. आणखी एक: चाकं वळलेली ठेवून गाडी उभी केली असेल तर स्टिअरिंग लॉकच्या खिळीवर ताण येतो आणि धडधाकट लॉकही अडतं. स्टिअरिंग दोन्हीकडे हलवत चाबी फिरवून बघा.

चाबीचाच दोष असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय चाबीवाल्याकडे आहे, पण तिथं एक चूक सर्रास होते. मी रोजची चाबी घेऊन गेलो, तर बाजारातल्या चाबीवाल्यानं ती उन्हाकडे धरून मला दाखवली. दातांच्या कडा गोल झाल्या होत्या, दोन दात तर जवळजवळ सपाट. तो म्हणाला, "भाऊ, हे पाहून कापली त नवी चाबी बी घिसलेलीच निंगन. घरची दुसरी आना." खरं आहे. लॉकच्या आत पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीला बारीक स्प्रिंग. योग्य चाबी गेली की सगळ्या पत्त्या एका पातळीत येतात आणि गाभा फिरतो. केसाएवढा फरक पडला तरी एखादी पत्ती अडते. घिसलेल्या चाबीची नक्कल केली की तो फरकही जसाच्या तसा नकलेत उतरतो. म्हणून नवी चाबी दुसऱ्या चाबीवरून कापावी. गाडीसोबत आलेला चाबीच्या नंबरचा बिल्ला घरात सापडला तर फारच उत्तम, त्या नंबरावरून मूळ माप मिळू शकतं.

मला चाबीला दीडशे रुपये पडले आणि लॉक आठ महिने नीट चाललं. आपल्याकडं त्याहून जास्त आशा धरू नये. धूळ, कापसाची रुई, पावसाळ्यात बुटांना चिकटून आलेली काळी माती, सगळं गाडीत शिरतं. त्यावर लोक लॉकमध्ये खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल सोडतात. चार दिवस मऊ चालतं, मग तेलात धूळ बसून त्याचा खरखरीत लगदा होतो आणि तोच पत्त्यांना घासत राहतो. कोरडी ग्रॅफाइट पूड घाला. ती मिळेपर्यंत पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चाबीला चोळून चालवता येतं.

गाभाच गेला असेल तर पत्त्या बदलून लॉक दुरुस्त करणं आणि नवं लॉक बसवणं, यात निवड करावी लागते. हुशार कारागीर लॉक खोलून खराब पत्त्या बदलतो, जुनीच चाबी दारांना आणि इग्निशनला दोन्हीकडं चालते, खर्चही कमी. पण असा हात तालुक्याच्या गावी सापडेलच असं नाही. काहीजण अडणारी पत्ती काढूनच टाकतात. मग लॉक फिरतं हे खरं, पण दुसऱ्याच्या चाबीनंही फिरू शकतं. दुरुस्ती करताना काढलेल्या आणि घातलेल्या पत्त्या समोर मोजून घ्या.

नव्या लॉकमध्ये मी कंपनीच्या पूर्ण सेटकडे झुकतो. सेटमध्ये इग्निशन आणि दारांची लॉक एकाच चाबीची येतात. फक्त इग्निशन घेतलं तर खिशात दोन चाब्या वागवायच्या. हे अनेकांना चालतं, मलाही वर्षभर चाललं असतं. पण रात्री अंधारात चुकीची चाबी जोरानं फिरवली की नवं लॉकही लवकर खराब होतं. स्वस्त डुप्लिकेट मालाच्या पत्त्या मऊ धातूच्या निघतात. भंगारातलं लॉक तर घेऊच नका: ते आधीच घिसलेलं असतं आणि कुणाच्या गाडीचं आहे हेही सांगता येत नाही.

बसवण्याचं काम सोपं वाटतं, तसं नाही. अशा अनेक गाड्यांत लॉक स्टिअरिंगच्या दांड्याला ज्या बोल्टांनी कसलेलं असतं, त्यांचे माथे कसतानाच मुद्दाम तुटतात, चोराला खोलता येऊ नये म्हणून. ते सेंटर पंचनं (टोकदार पोलादी अवजार) हळूहळू ठोकत फिरवावे लागतात. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. नवं लॉक बसवल्यावर नवे बोल्ट माथा तुटेपर्यंत कसायचे. आमच्या मिस्त्रीला याला दोन तास लागले. घाई करून साधे बोल्ट लावणारा भेटला तर थांबवा.

गाडीत इमोबिलायझर, म्हणजे चाबी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर गणित बदलतं. चाबीच्या डोक्यात चिप असते आणि लॉकभोवतीची कडी ती ओळखते. साधी कापलेली चाबी लॉक फिरवेल, इंजिन लागणार नाही. जुन्या चाबीतली चिप नव्या डोक्यात बसवता आली तर भागतं, नाहीतर चाबी गाडीच्या संगणकाला ओळखवून घ्यायला शहरातल्या वर्कशॉपला जावं लागतं. त्या फेऱ्यांचं पेट्रोल हिशेबात धरा.

आता बटनाबद्दल. ट्रॅक्टर आणि जीपवरून ही कल्पना कारमध्ये आली: वायरमन एक टॉगल आणि एक बटन लावतो, तासाभरात गाडी सुरू. शेतावर फिरणाऱ्या गाडीला तेवढं पुरे, असं म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत. मी त्यांना विरोध करतो. चाबी लॉकवर राहिली, गाडी बटनानं सुरू झाली आणि स्टिअरिंगची खिळी पडली, तर रस्त्यात गाडी वळणार नाही. हे टाळायला स्टिअरिंग लॉकच तोडलं, तर चोरासाठी गाडी उघडीच. चोरीचा दावा करताना विमा कंपन्या मूळ चाब्या मागतात, हेही लक्षात घ्या.

आणि घिसलेलं लॉक तसंच ठेवणं हा पर्याय धरू नका. 2014 मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं सदोष इग्निशन स्विचमुळे सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. चालत्या गाडीत चाबी आपोआप मागं सरकून इंजिन बंद पडायचं, एअरबॅग उघडायच्या नाहीत. कंपनीच्या भरपाई निधीनं 124 मृत्यू मान्य केले. चाबीला लटकलेल्या ओझ्यानंही ती सरकत होती. आपल्या गुच्छात मोटारपंपाच्या पेटीची, गोदामाची, मोटारसायकलची, घराची चाबी असते. गाडीची चाबी आजच वेगळी करा.

पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी नूतन केली की पुढची पाच वर्षं मिळतात. तेवढी वापरायची असेल तर पूर्ण सेट घ्या. वर्षभरात विकणार असाल तर दुसऱ्या चाबीवरून कापलेली नवी चाबी आणि ग्रॅफाइट पुरे, फक्त घेणाऱ्याला लॉकची स्थिती सांगा. आम्ही सेट बसवला. नव्या सेटची दुसरी चाबी वडिलांच्या औषधाच्या डब्यात ठेवली आहे, म्हणजे रात्री शोधावी लागणार नाही.