गेम गिअरसाठीचं तयार कपॅसिटर किट: पुडीत काय असावं आणि काम कुठे अडतं

सेगाचा गेम गिअर हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम १९९० साली जपानमध्ये बाजारात आला. आजवर कधीच न उघडलेला गेम गिअर हाती आला, तर तीनपैकी एखादी तक्रार हमखास असते. आवाज बारीक झालेला किंवा गेलेला असतो, चित्र यंत्र तिरकं धरलं तरच दिसतं, नाहीतर लाल दिवा लागतो आणि लगेच विझतो. आवाजाचा दोष साउंड बोर्डवर, चित्राचा मेन बोर्डवर आणि विझण्याचा बहुधा पॉवर बोर्डवर असतो. तिन्हींमागे सहसा गळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच (आत द्रव असलेले, वीज साठवणारे छोटे भाग) असतात, म्हणून एकाच बोर्डचं किट घेऊ नये. एक बोर्ड गळला असेल तर बाकीचे दोन त्याच वाटेवर आहेत असं धरून चालावं.

किट घेताना पहिली चूक होते ती बोर्डची आवृत्ती न बघण्याची. मेन बोर्डवर व्हीए०, व्हीए१ अशी आवृत्ती छापलेली असते, आणि तिच्यानुसार कपॅसिटरची संख्या आणि त्यांची मूल्यं (किती मायक्रोफॅरड, किती व्होल्ट) बदलतात. ‘सर्व मॉडेलसाठी’ असं लिहिलेल्या किटमध्ये काही नग उरतात आणि एखादा नेमका कमी पडतो. मागचे काही स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्यांना ४.५ मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे अशा स्क्रूंसाठीचा खास पेचकस लागतो. त्यामुळे आधी उघडून आवृत्ती वाचावी, मग किट मागवावं.

पुडीत काय आहे त्यावरून किटचे तीन प्रकार पडतात. पहिल्यात मूळच्यासारखेच ॲल्युमिनियमचे डबे असतात. ते चांगल्या कंपनीचे आणि १०५ अंशांचे असतील तर काहीच वावगं नाही. निचिकॉन, पॅनासोनिक, रुबिकॉन अशी नावं यादीत स्पष्ट लिहिलेली हवीत. नुसतं ‘उच्च दर्जा’ लिहिलेली पुडी परत ठेवावी. दुसऱ्या प्रकारात टँटलम धातूचे कपॅसिटर असतात. ते आकाराने छान बसतात, पण त्यांचं व्होल्टेज रेटिंग प्रत्यक्ष व्होल्टेजच्या निदान दुप्पट हवं, आणि उलटे बसले तर ते सरळ जळतात. इथेच सगळ्यात जास्त घात होतो: ॲल्युमिनियमच्या डब्यावरचा काळा पट्टा ऋण टोक दाखवतो, टँटलमवरचा पट्टा धन टोक. किटसोबतच्या कागदावर हे ठळक छापलेलं नसेल तर ती मोठी उणीव समजावी.

तिसरा प्रकार सिरॅमिक आणि पॉलिमरच्या मिश्रणाचा. मेन आणि साउंड बोर्डसाठी आमची पसंती यालाच आहे, कारण यात गळण्यासारखं द्रवच नसतं. सिरॅमिकला धन-ऋणही नसतं. मात्र सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज चढलं की त्याची क्षमता उतरते. पॉवर बोर्डवरून पडद्यासाठी ३० व्होल्टच्या वरची एक लाइन निघते, तिथे ३५ व्होल्टचा छोटा सिरॅमिक दिला असेल तर छापलेल्या आकड्याचा बराचसा भाग हाती लागत नाही. त्या जागी ५० व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक देणारं किट विचारपूर्वक बनवलेलं असतं. पॉवर बोर्डवरचा मोठा कपॅसिटर किती उंच आहे तेही पाहावं. आत जागा फार कमी असते, उंच नग आडवा झोपवावा लागतो आणि त्यासाठी पाय पुरेसे लांब हवेत.

आता खरं काम. किट कितीही चांगलं असो, निम्मं यश जुने नग कसे काढले यावर असतं. त्या काळच्या बोर्डच्या पृष्ठभागावरच डाग दिलेल्या अनेक कपॅसिटरमधलं द्रव अल्कधर्मी आहे. ते तळाचं रबर खातं, पॅडखाली (पाय जिथे जोडतात तो तांब्याचा तुकडा) उतरतं आणि तांबं हिरवं-काळं करतं. डाग द्यायची (सोल्डरिंगची) इस्त्री लावताच मासळीसारखा वास आला तर गळती झाली आहे हे नक्की. अशा पॅडवर जुनं कथील वितळतच नाही. मग माणूस तापमान वाढवतो, जोर लावतो आणि पॅड उखडून हातात येतं. त्यापेक्षा भरपूर फ्लक्स (कथील नीट पसरवणारा लेप) लावावा, ताजं ६३/३७ (टिन-शिशाच्या प्रमाणाचं) कथील दोन्ही बाजूंना चढवावं, इस्त्री ३३० अंशांच्या आसपास ठेवावी आणि दोन इस्त्र्यांनी दोन्ही टोकं एकदम तापवून नग उचलावा. पकडीने पिळून काढण्याची पद्धत अनेकांना आवडते, पण गंजलेल्या पॅडवर आम्ही ती सुचवणार नाही. काढण्याआधी प्रत्येक बोर्डचा जवळून फोटो मात्र हवाच. छापील खुणांवर विसंबून दिशा ठरवली की एखादा तरी नग उलटा बसतो.

नग निघाल्यावर कापसाच्या काडीने थोडा पांढरा व्हिनेगर फिरवावा, म्हणजे अल्क मारलं जातं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसावं आणि पूर्ण वाळू द्यावं. ही पायरी गाळली तर नवे कपॅसिटर बसूनही काही महिन्यांत ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) तुटू शकतो आणि दोष किटच्या माथी येतो. पॅडवरून पुढच्या भागापर्यंत मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी अखंड आहे का, ते तपासावी. तुटलेली असेल तर ट्रॅकवरचा हिरवा थर खरवडून बारीक इन्सुलेटेड वायरचा जंपर (तुटलेल्या जागेवरून नेलेला जोड) टाकावा. चांगल्या किटमध्ये अशा वायरचा तुकडा आणि जागा दाखवणारा नकाशा असतो, आणि त्या दोन गोष्टींसाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

केस बंद करण्याआधी पॉवर बोर्डच्या कनेक्टरवर ५ व्होल्ट मिळतात का ते मोजावं. चालू असताना बॅकलाइटच्या नळीच्या वायरींना हात लावू नये, तिथे बरंच जास्त व्होल्टेज असतं. चित्र आलं पण फिकट वाटलं तर लगेच किटला दोष देऊ नये. बाजूच्या चाकाने कॉन्ट्रास्ट जमत नसेल तर मेन बोर्डवरचं छोटं प्रीसेट (पेचकसाने फिरवायचं बारीक नियंत्रण) प्लॅस्टिकच्या पेचकसाने अगदी थोडंथोडं फिरवून पाहावं. जुने कपॅसिटर थकत गेले तसं आधीच्या कुणीतरी ते टोकाला नेऊन ठेवलेलं असू शकतं.