कापसाचे पैसे आलेत : लॅपटॉप आता घ्यावा की थांबावं?

फेब्रुवारीत शेवटचा वेचा होतो, कापूस जिनिंगवर जातो आणि माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एकच प्रश्न यायला लागतो. यंदा तो शेजारच्या काकांनी आणला. पोरगी बारावी सायन्सला, पैसे खात्यात पडलेले. "काय म्हणता भाऊ, लॅपटॉप आताच घेऊन टाकू का? पुण्याचा पुतण्या म्हणते, नवीन मॉडेल येऊन राहिले, दिवाळीपर्यंत थांबा."

पुतण्या त्याच्या जागी बरोबर आहे. त्याचा पगार दर महिन्याला येतो, तो खुशाल थांबू शकतो. आमच्याकडे पैसा वर्षातून एकदा येतो, फार तर दोनदा. म्हणून जो प्रश्न त्याला मॉडेलचा वाटतो, तो इथे यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात पैशाचा होतो. काकांशी तासभर बोलणं झालं. दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, त्याच इथे लिहितो.

नवीन म्हणजे किती नवीन?

दर जानेवारीत अमेरिकेत लास वेगासला इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरतं आणि वर्षभराच्या बऱ्याचशा चिप (प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू) तिथेच जाहीर होतात. यंदा, २०२६ मध्ये, इंटेलने तिथे कोअर अल्ट्रा सीरिज ३ आणली. असा माल आधी महागड्या लॅपटॉपात बसतो, मग नागपूरला बर्डीवरच्या दुकानात दिसतो आणि तालुक्याच्या दुकानापर्यंत यायला त्याला पुढची संक्रांत उजाडते. चाळीस हजारांच्या लॅपटॉपात तर बहुतेक वेळा जुनाच माल नवं नाव घेऊन येतो. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो ना आपण, तसं. बैल तोच.

उदाहरण देतो. एएमडीची रायझन ५ ७५२०यू ही चिप २०२२ मध्ये आली. डब्यावर सात हजारी आकडा पाहून गिऱ्हाईक खूश. पण त्या ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा पाहायचा असतो. तिथे २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ ची. ७५३०यू मध्ये तिसरा आकडा ३, म्हणजे ती एक पिढी पुढची. दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले तर दुकानदारही फरक सांगत नाही; कधी त्यालाच माहीत नसतो. इंटेलचंही तेच. जानेवारी २०२४ मध्ये 'आय' अक्षर गाळून कोअर ५ १२०यू आली, पण ती तेराव्या पिढीच्या आय-५ ची सख्खी बहीण.

आणि 'एआय लॅपटॉप'? मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये कोपायलट प्लस नावाचा प्रकार काढला. त्यात सेकंदाला ४० लाख कोटी हिशेब करणारा चिपमधला वेगळा भाग आणि निदान १६ जीबी रॅम (काम चालू असताना माहिती धरून ठेवणारी मेमरी) लागते. चांगली गोष्ट आहे, पण पोरं ज्याला एआय म्हणतात, ते मोबाइलवर प्रश्न विचारला की उत्तर देणारं, ते दूरच्या सर्व्हरवर चालतं. त्याला अशी चिप नाही लागत. त्याला टॉवर लागतो.

तेव्हा काकांच्या बजेटात, फक्त नव्या मॉडेलसाठी थांबून फारसं काही पदरात पडत नाही. नवं मॉडेल आल्यावर जुन्याचा भाव उतरतो तो फायदा खरा, पण तोही दरवर्षी खरा असतोच असं नाही. यंदा तर मुळीच नाही.

यंदाची गोम रॅममध्ये आहे

कॉम्प्युटर जुना झाला की स्वस्त होतो, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे, आणि बरीच वर्षं ते खरंही होतं. पण २०२५ च्या शेवटी उलटं झालं. जगात रॅमच्या चिप मुख्यतः तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी खास मेमरी बनवण्यात पैसा जास्त, म्हणून कारखान्यांची ताकद तिकडे वळली. आपल्या साध्या रॅमचा तुटवडा झाला आणि सुट्या पट्ट्यांचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की 'क्रुशियल' या नावाने किरकोळ गिऱ्हाइकाला माल विकणंच बंद करतो. माझ्या दुकानातल्या दोन्ही मशीनमध्ये त्याच नावाची रॅम आहे, म्हणून बातमी वाचून जरा वाईटच वाटलं.

असा तुटवडा एका हंगामात भरून निघत नाही. कापसाचा पेरा पुढच्या वर्षी वाढवता येतो, पण चिपचा नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. दिवाळीपर्यंत भाव उतरेल या आशेवर बसायला मला काही आधार दिसत नाही. लॅपटॉपवाल्यांकडे जुन्या भावाने घेतलेली रॅम संपत जाते तसा तयार लॅपटॉपही महाग होतो, किंवा भाव तोच ठेवून आत १६ ऐवजी ८ जीबी भरतात. हे दुसरं जास्त लबाड, कारण ते पटकन दिसत नाही.

जीएसटीचंही एक सांगून टाकतो, कारण काकांनी तेही ऐकलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा आणि मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लॅपटॉपवर आधीच १८ होता, तो तसाच आहे. तिथे काही स्वस्त झालेलं नाही.

आता कापसात मोजू. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. चाळीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे जवळपास पाच क्विंटल कापूस. थांबण्यात भाव चार हजारांनी चढला तर आणखी अर्धा क्विंटल गेला. दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये सूट मिळते हे खरं, पण तिच्यातला मोठा वाटा अमक्या बँकेच्या क्रेडिट कार्डावर असतो. काकांकडे आहे ते किसान क्रेडिट कार्ड. ते तिथे चालत नाही.

थांबण्याच्या बाजूने सगळ्यात जड मुद्दा

तो पुतण्याने सांगितलाच नाही. वॉरंटी.

लॅपटॉपला बहुतेक एक वर्षाची वॉरंटी असते आणि ती बिलाच्या तारखेपासून चालू होते, तुम्ही डबा उघडा की नका उघडू. पोरीचं कॉलेज ऑगस्टमध्ये लागणार. आज घेऊन कपाटात ठेवला तर वर्षातले सहा महिने असेच गेले. त्यात मे महिना. लॅपटॉपच्या माहितीपुस्तकात साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास फिरतो, टिनाच्या खोलीत विचारूच नका. भर उन्हाळ्यात पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी न वापरताही झिजते. म्हणजे 'आता घेऊन ठेवू' हे धान्यासारखं नाही, की कणगीत भरलं आणि झालं.

सीईटीसाठी लॅपटॉप लागतो असंही काही जण म्हणतात. परीक्षा कॉम्प्युटरवर असते, एप्रिल-मेमध्ये, हे बरोबर. पण माउसने पर्याय निवडायची सवय व्हायला आठ-दहा सराव पेपर पुरतात. तेवढ्यासाठी पाच क्विंटल कापूस घालू नये. काकांच्या पोरीला मी सांगितलं, माझ्या दुकानात दुपारी येऊन बस, दोन ते चार गिऱ्हाईक नसते.

आणि आता घेण्याच्या बाजूने

जूनमध्ये ते पैसे असतील का?

हा प्रश्न मी काकांना विचारला तेव्हा ते हसले आणि मग गप्प झाले. एप्रिलमध्ये साळीच्या पोरीचं लग्न आहे. मेमध्ये विहिरीच्या मोटरीचं काम निघणार, ते दोन वर्षांपासून निघून राहिलं. जूनमध्ये बी-बियाणं आणि खत. त्यानंतर पोळा, गौरी-गणपती. पुढचा कापूस घरात यायला नोव्हेंबर. म्हणजे पुतण्याची 'दिवाळीपर्यंत थांबा' ही सूचना नीट ऐकली तर तिचा अर्थ होतो, सगळ्यात जास्त कडकी असताना घ्या. सोयाबीन निघालेलं असेल तेवढाच आधार, तोही पावसाने साथ दिली तर.

मी माझ्याच घरात हे पाहिलं आहे. बाबांनी माझ्यासाठी कॉम्प्युटरचे पैसे बाजूला काढले होते. नवीन मॉडेल येणार म्हणून मीच थांबा म्हणालो. मॉडेल आलं तोवर त्या पैशाचे तुषार सिंचनाचे पाइप झाले होते. पाइप अजून आहेत, तक्रार नाही. पण कॉम्प्युटर यायला पुढे तीन वर्षं लागली.

मधला रस्ता : जुना घेणे

मोठ्या कंपन्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप आणि लॅपटॉप नागपुरात अर्ध्याहून कमी पैशात मिळतात. काकांना हा मार्ग फार आवडला. मला कमी, कारण मी पोळलो आहे. २०२३ मध्ये दुकानासाठी सहाव्या पिढीचा आय-५ असलेला डेस्कटॉप आणला. विकणारा म्हणाला, पाच वर्षं पाहायचं काम नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला कंपनीकडून अपडेट मिळणं संपलं. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते. माझं मशीन तिथेच अडलं. सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढवून घेता येतात, ते घेतले. पण दुकानात लोकांचे आधार आणि पासबुकं स्कॅन होतात, ते मशीन त्यापुढे इंटरनेटवर ठेवणं मला पटत नाही.

तेव्हा जुना घ्यायचाच तर पिढी विचारा. आय-५ च्या पुढच्या चार-पाच आकड्यांत पहिला आकडा ८ किंवा त्याच्या वर हवा. आकडा १ ने सुरू होत असेल तर १०, ११, १२ अशी जोडी वाचायची. त्याखालचा फुकट मिळाला तरच घ्या.

मग कोणी काय करावं

ज्याच्याकडे आठव्या पिढीचं किंवा पुढचं चालू मशीन आहे आणि तक्रार फक्त 'स्लो चालते' एवढी आहे, त्याने थांबावं. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकावी. तीही आता पूर्वीइतकी स्वस्त नाही, तरी नव्या लॅपटॉपच्या मानाने फार कमी पैशात जीव येतो. असा माझा एक मित्र पुसदला आहे, त्याला मी दोन वर्षं तरी दुकानाची पायरी चढू नको म्हणालो.

ज्या पोराची इंजिनीअरिंगची शाखा ठरायची आहे, त्यानेही थांबावं, ॲडमिशन होईपर्यंत. सिव्हिल, मेकॅनिकल, आर्किटेक्चरला नकाशे काढायचे जड सॉफ्टवेअर लागतात, तिथे वेगळं ग्राफिक कार्ड उपयोगी पडतं. कॉम्प्युटर शाखेला, गंमत म्हणजे, ते बहुधा लागत नाही. चुकीचा लॅपटॉप सहा महिने आधी घेण्यापेक्षा बरोबरचा उशिरा घेतलेला बरा. पैसे मात्र घरखर्चाच्या खात्यात ठेवू नका, पोराच्या नावाने मुदत ठेवीत टाका. व्याजासाठी नाही, मोटरीपासून वाचवण्यासाठी.

टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्याने आताच घ्यावा आणि लॅपटॉपच्या मागे न लागता डेस्कटॉप घ्यावा. मराठी चाळीसची स्पीड मोठ्या कीबोर्डवर येते. सोबत यूपीएस हवाच. आपल्याकडे लाइन किती वेळा झपकी मारते ते महावितरणलाही माहीत आहे. कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवू नका, ती हवा ओली असते.

काकांचं काय? पोरीला सायन्सच पुढे करायचं आहे, बीएस्सी किंवा बीसीए. जड सॉफ्टवेअर नाही. एप्रिलनंतर तीन महिने ती घरी, टायपिंग लावायचं म्हणते. मी म्हणालो, आता घ्या. वॉरंटीचे दोन-तीन महिने वाया जातील, जाऊ द्या. पहिली वॉरंटी चालू आहे तोवर बऱ्याच कंपन्या पुढच्या वर्षाची विकत देतात, ती घ्या. रॅम १६ जीबी, आणि ८ च घ्यावी लागली तर रॅम वाढवायला रिकामा स्लॉट आहे का ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या, कारण पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, पुढे वाढतच नाही. डब्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते दीड-दोन वर्षं जुनं निघालं तर भाव पाडून मागा.

काकू आतून म्हणाल्या, "पयले तिचे पेपर होऊ द्या, नाही तर त्याच्यातच डोकं घालून बसन." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने यवतमाळला निघायचं ठरलं आहे. बाईमाणसाला अर्धं तिकीट, म्हणून काकूही येणार. काकांना म्हटलं, चष्मा आठवणीने घ्या, डब्यावरची तारीख फार बारीक असते.